लातूरला घराचं आरसीसी डिझाइन करून घेतलं, अनुभव सांगतो

औसा रोडला प्लॉट आहे, आत्ता खालचा मजला आणि पुढे वरचा, असं दोन्हीचं आरसीसी (सळया घातलेल्या काँक्रीटचं) डिझाइन इथल्याच एका स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घेतलं. फी ३२ हजार, त्यात ड्रॉइंग आणि साईटवर पाच व्हिजिट. पाहुणे म्हणाले एवढे पैसे कशाला, मिस्त्री अंदाजाने करतोच की. पण आमच्या वडिलांनी ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप बघितलाय, गणपती विसर्जन करून लोक झोपले आणि पहाटे चारच्या आधीच दगडमातीची घरं अंगावर आली, त्यामुळे आमच्या घरात यावर चर्चाच झाली नाही.

इंजिनिअर सरांनी आधी प्लॉटवर खड्डा घ्यायला लावला. साडेसहा फूट नुसती काळी माती. कॉन्ट्रॅक्टर पाच फुटांवरच पीसीसी (पायाखालचा साध्या काँक्रीटचा थर) टाकायला निघाला होता, "मालक, पैसे मातीत घालताय" म्हणाला, पण सरांनी मुरूम लागेपर्यंत आठ फूट नेलं. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आवळते, शेजारच्यांच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेलीय ती रोज दिसते, त्यामुळे हा वाढीव खर्च मला अजिबात टोचला नाही.

सगळ्यात पटलं ते कॉलमच्या रिंगांचं, म्हणजे उभ्या सळयांना वेढून बांधतात त्या. फिटरने रिंगांची टोकं काटकोनात वाकवून ठेवली होती, मला तर त्यात काहीच चूक दिसली नसती. सरांनी एक रिंग हातात घेऊन दाखवलं, टोक १३५ अंशात आत, काँक्रीटच्या गाभ्यात वळलं पाहिजे, नाहीतर हादऱ्यात कव्हर (सळयांवरचा काँक्रीटचा बाहेरचा थर) निघालं की रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. सगळ्या रिंगा परत करायला लावल्या, बीमच्या जोडाजवळ चार-चार इंचावर. फिटर दिवसभर तोंड पाडून होता पण केल्या. आणि स्टील उलट कमी लागलं, कॉन्ट्रॅक्टर सगळीकडे १६ एमएमची सळई म्हणत होता, ड्रॉइंगमध्ये बऱ्याच ठिकाणी १२ च निघाली.

तक्रार एकच पण मोठी आहे. स्लॅबचं ड्रॉइंग १२ दिवस उशिरा आलं, सेंट्रिंग (स्लॅबखालचे टेकू-फळ्या) तसंच उभं, भाडं चालू, फोन केला की उद्या देतो. हे बरोबर नाही, म्हणून पाचपैकी चार.

वरचा मजला दिवाळीनंतर काढतोय, त्यांनाच बोलावणार, फक्त ड्रॉइंगची तारीख आधी कागदावर लिहून घेणार.