घरगुती बैठकीसाठी माइकची जोडी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातल्या आमच्या जुन्या वाड्यात महिन्यातून एकदा गाण्याची बैठक होते. ती नीट टिपली जावी म्हणून गेल्या डिसेंबरात मी रोड कंपनीच्या एनटी-५ या कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज टिपणाऱ्या) कंडेन्सर माइकची जुळवलेली जोडी घेतली. त्याआधी हातात मावणाऱ्या रेकॉर्डरच्या अंगच्याच माइकवर काम भागवत होतो. त्यांत आवाज स्वच्छ येई, पण गायक, पेटी आणि तबला दाटीवाटीने बसल्यासारखे वाटत, कारण त्या रेकॉर्डरच्या एक्सवाय रचनेत दोन्ही माइकची तोंडे एकाच जागी असल्याने डावे-उजवे ठरते ते केवळ आवाजाच्या पातळीवरून.

नवी जोडी मी ओआरटीएफ पद्धतीने, म्हणजे १७ सेंटीमीटर अंतरावर आणि ११० अंशांच्या कोनात लावतो. त्यामुळे आवाज दोन माइकपाशी किंचित मागेपुढे पोहोचतो आणि हेडफोनमध्ये खोली उलगडते. तानपुऱ्याची जवारी मागे पसरलेली आणि डग्ग्याची घुमक एका बाजूला, हे पहिल्याच बैठकीत जाणवले. मात्र स्टँड तीन मीटरवर ठेवला तेव्हा दगडी भिंतींचा घुमारा गाण्यावर चढला. आता तो सव्वा मीटरवर, बसलेल्या गायकाच्या डोक्याहून थोडा वर असतो, आणि मागच्या भिंतीवर दोन रजया टांगतो. एवढा फरक कोणत्याही सेटिंगने पडला नाही.

९६ किलोहर्ट्झवर, म्हणजे आवाजाचे सेकंदाला ९६ हजार नमुने घेऊन, मुद्रण करून पाहिले. फाइल दुप्पट झाली, कानाला काही वेगळे लागले नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला तासाला साधारण एक जीबी लागते. खरा उपयोग २४ बिटचा, म्हणजे प्रत्येक नमुन्याच्या बारीक मोजमापाचा, कारण पातळी निर्धास्त खाली ठेवता येते. पूर्वी तबलजींनी मध्येच हातोडी उचलली की काटा लाल रेघेपार जाई. आता सर्वांत जोरकस थापही कमाल मर्यादेच्या खाली, उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असे पाहतो.

माइकची स्वतःची खरखर १६ डेसिबल, म्हणजे पंख्यापुढे नगण्य. जेठात ग्वाल्हेरला पंखा बंद करा म्हणण्याची कोणाची छाती नाही, आणि घरघर घालवायला लो-कट (खर्जातला आवाज कापणारी सोय) लावला तर डग्गा पोकळ होतो. मी पंखा एकवर ठेवून सोसतो.

या माइकना फँटम पॉवर, म्हणजे रेकॉर्डरने माइकच्या तारेतूनच पुरवलेली वीज, लागते, आणि ४८ व्होल्ट पुरवताना रेकॉर्डरचे दोन पेन्सिल सेल भराभर उतरतात. आता पॉवर बँक जोडतो; पण हे कळण्याआधीचा जानेवारीतला एक विलंबित ख्याल ऐन अंतऱ्यात तुटला आहे.