सोसायटीच्या अग्निशमन पथकाचं प्रशिक्षण: सिलिंडर चालवायला शिकवतात, पथक चालवायला नाही

मुंबईतल्या उंच इमारतींना आगीची यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी दर जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. 2006 च्या महाराष्ट्राच्या अग्निसुरक्षा कायद्याने ते बंधनकारक आहे. हा फॉर्म परवानाधारक एजन्सी देते, आणि देखभालीच्या वार्षिक करारात बहुतेक एजन्सी ‘रहिवासी प्रशिक्षण व मॉक ड्रिल’ही जोडतात. हे परीक्षण त्या जोडलेल्या प्रशिक्षणाचं आहे. एजन्सीचं नाव कुठलंही असो, साचा जवळपास सारखाच असतो: रविवारी सकाळी दोन तास, ट्रेमध्ये थोडं डिझेल पेटवून अग्निशामक चालवणं, होज रीलमधून (मजल्यावर गुंडाळून ठेवलेल्या बारीक रबरी नळीतून) पाणी उडवणं, ग्रुप फोटो, सर्टिफिकेट.

आधी जे चांगलं आहे ते. उपकरणाचा भाग सहसा मन लावून शिकवतात. सहा किलोच्या एबीसी पावडरच्या (लाकूड-कापड, तेल आणि वायू अशा तिन्ही आगींवर चालणाऱ्या) अग्निशामकाचा फवारा जेमतेम पंधरा-वीस सेकंद टिकतो, त्यामुळे पिन जवळ जाऊन काढायची, वाऱ्याला पाठ द्यायची आणि ज्वाळेच्या टोकावर न मारता बुडावर मारायचं, हे हाताने केल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. मीटर रूममध्ये पाणी मारायचं नाही, तिथे सीओटू (कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक) वापरायचा, हेही नीट सांगतात. सीओटूच्या सिलिंडरला दाब दाखवणारा काटा नसतो. तो वजन करूनच तपासायचा आणि भरलेल्या वायूत दहा टक्क्यांहून जास्त घट दिसली तर भरून आणायचा. बऱ्याच सोसायट्यांना ही गोष्ट पहिल्यांदा प्रशिक्षणातच कळते. एवढ्यासाठीसुद्धा सेवा घेण्यासारखी आहे.

खरी अडचण माणसांची आहे. प्रशिक्षण रविवारी अकराला होतं, तेव्हा हजर असतात विशी-तिशीतली पोरं. मंगळवारी दुपारी तीनला तीच पोरं अंधेरीत किंवा बीकेसीत असतात. घरात असतात ज्येष्ठ नागरिक, गृहिणी, शाळेतून आलेली मुलं आणि घरकामाच्या बायका. अमेरिकेत आग विझवणाऱ्या दर तीन जवानांपैकी साधारण दोन स्वयंसेवक आहेत, आणि तिथल्या छोट्या गावांचं दुखणंही हेच: लोक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जातात आणि कामाच्या दिवशी, भरदुपारी गाडीवर चढायला माणूस नसतो. आपल्याकडे त्यात मे महिना आणि गणपती यांची भर पडते. निम्मी इमारत कोकणात जाते आणि वीस नावांच्या यादीतले चारही हाती लागत नाहीत.

म्हणून एजन्सीकडे पहिली मागणी हजेरीपटाची करावी. दिवसाचे तीन भाग पाडायचे: सकाळी आठ ते दुपारी चार, चार ते रात्री बारा, बारा ते सकाळी आठ. प्रत्येक भागात नक्की इमारतीत असणारी किमान सहा नावं हवीत: एकजण 101 ला फोन करून फाटकावर उभा राहणारा, एकजण पंप रूम आणि मेन स्विच बघणारा, दोघे अग्निशामक व होज रीलवर, एकजण जिन्यातून लोक उतरवणारा आणि एक प्रमुख. दुपारच्या भागात नावं भरत नसतील तर ती तिथेच, रविवारच्या सभेत सगळ्यांसमोर उघडी पडू देत. निवृत्त मंडळींना धुरात पाठवायचं नाही. पण फोन, फाटक आणि माणसं मोजणं ही कामं ते तरुणांपेक्षा शांतपणे करतात, आणि ते घरी असतात हीच सगळ्यात मोठी पात्रता आहे.

दुसरी गफलत सुरक्षारक्षकाची. फायर पॅनेलसमोर (आगीचा इशारा दाखवणाऱ्या फलकासमोर) चोवीस तास बसणारा तोच, आणि प्रशिक्षण चालू असताना ड्युटीवर म्हणून फाटकावर थांबणाराही तोच. रात्रपाळीचा तर त्या वेळी घरी झोपलेला असतो. त्यातून सिक्युरिटी कंपनी दोन-तीन महिन्यांत माणूस बदलते, म्हणजे शिकवलेलं त्याच्याबरोबर निघून जातं. यावर तोडगा सोपा आहे, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही: पाळी बदलताना, सकाळी आठच्या सुमारास, दोन्ही पाळ्यांना पाऊण तासाचं वेगळं सत्र. आणि सिक्युरिटीच्या करारात एक ओळ: नव्या रक्षकाला पॅनेल, पंप आणि लिफ्टचा फायर स्विच दाखवल्याची सही घेतल्याशिवाय त्याला एकट्याने पाळी द्यायची नाही.

पंप रूमचा मुद्दा जरा सविस्तर, कारण नुकसान इथेच होतं. पंपाच्या पॅनेलवरचा निवडस्विच ‘ऑटो’वर असायला हवा. कुठल्या तरी मजल्यावरचा व्हॉल्व्ह गळतो, लाइनचा दाब उतरतो, जॉकी पंप (पाइपातला दाब टिकवणारा छोटा पंप) दर काही मिनिटांनी सुरू होतो, त्या आवाजाची तक्रार जाते आणि कोणीतरी स्विच ‘मॅन्युअल’वर टाकतो. गळती तशीच राहते, आणि पंप आता आपोआप सुरू होत नाही. आता नवव्या मजल्यावर होज रील उघडला तर पाणी येतं, पण आधी पाइपात होतं तेवढंच, आणि मिनिटाभरात धार लुळी पडते. त्यामुळे ड्रिलमध्ये होज रील तळमजल्यावर उघडून काही कळत नाही. सगळ्यात वरच्या मजल्यावर उघडायचा, दोन मिनिटं सलग पाणी सोडायचं आणि त्याच वेळी एकाने पंप आपोआप सुरू झाला का ते पॅनेलपाशी बघायचं. होज बॉक्सही उघडून पाहा. ब्रांच पाइप (नळीच्या टोकाला लावायची धातूची तोटी) पितळेचा किंवा गनमेटलचा असेल तर तो चोरीला गेलेला असण्याची शक्यता असतेच. आणि 63 मिलिमीटरचा हायड्रंट होज (अग्निशमन दल वापरतं ती जाड नळी) स्वयंसेवकांच्या हाती देऊ नये, पूर्ण दाबाला तो अननुभवी माणसाला उचलून आपटतो. रहिवाशांसाठी होज रील पुरेसा आहे.

नेतृत्वाबद्दल या प्रशिक्षणात जवळजवळ काहीच नसतं, आणि माझ्या मते ही सेवेतली सगळ्यात मोठी उणीव आहे. सेक्रेटरी हाच प्रमुख असं गृहीत धरलं जातं. सेक्रेटरी हिशोब आणि पत्रव्यवहारासाठी निवडलेला असतो, आणि आग लागते तेव्हा तो ऑफिसात असतो. 22 ऑगस्ट 2018 ला परळच्या क्रिस्टल टॉवरला आग लागली, त्यात चार जण गेले. तिथे धुरात अडकलेल्या शेजाऱ्यांना ओल्या कापडातून श्वास घ्यायला लावणारी एक दहा वर्षांची मुलगी होती, शाळेत शिकलेलं तिने वापरलं. प्रमुख कोण हे पदावरून ठरत नाही, म्हणून नियम असा हवा: यादीतला जो पहिला पोहोचेल तो प्रमुख. त्याच्याहून अनुभवी माणूस आला की तोंडी सांगून सूत्रं द्यायची, अग्निशमन दलाचा अधिकारी आला की त्याच्याकडे.

प्रमुखाने हातात नळी घ्यायची नाही. त्याने लॉबीत, पॅनेलजवळ, सगळ्यांना दिसेल अशा जागी थांबायचं. तो नवव्या मजल्यावर गेला की खाली प्रश्न विचारायला कोणी उरत नाही. दलाला तीन गोष्टी लगेच सांगता आल्या पाहिजेत: विंग व मजला, आत अडकलेले किती आणि कुठल्या फ्लॅटमध्ये, गॅस आणि वीज बंद केली का. व्हॉट्सॲप ग्रुपवर हुकूम देऊ नयेत. धुरात फोन कोणी बघत नाही. शिटी आणि जिन्यात घातलेली हाक जास्त लवकर पोहोचते.

पथक टिकवण्यासाठी एजन्सीकडे उत्तर नाही, ते आपल्यालाच शोधायचं आहे. सगळीकडे तीच दोन-तीन माणसं राबतात आणि वर्षभरात थकतात. ‘पथकात या’ म्हटलं की लोक मागे सरतात. ‘महिन्यातल्या पहिल्या शनिवारी अर्धा तास पंप बघाल का?’ म्हटलं की येतात. ज्या सोसायटीत गणेश मंडळ आहे तिथे तयार माणसं आहेतच, कारण पाळ्या लावणं, गर्दी आवरणं आणि एकाचं ऐकणं कार्यकर्त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. त्यांना बोलवा, आणि बायकांना नुसतं प्रेक्षक म्हणून बसवू नका. दुपारचं पथक त्यांच्याशिवाय उभंच राहत नाही.

मॉक ड्रिलमध्ये आणखी एक चूक नेहमी दिसते: जमायची जागा म्हणून इमारतीच्या अगदी पायथ्याचं पार्किंग ठरवतात. वरून काचा तिथेच पडतात आणि दलाच्या गाडीलाही तीच जागा लागते. फाटकाबाहेरची जागा ठरवा.

पाचपैकी गुण द्यायचे तर उपकरणांच्या शिकवणीला चार, यंत्रणेच्या तपासणीला तीन (वरच्या मजल्यावर होज रील उघडायला तयार असतील तर), माणसांच्या तयारीला एक. 14 ते 20 एप्रिलच्या अग्निशमन सेवा सप्ताहात तारीख घेऊ नका. त्या आठवड्यात एजन्सीला एका दिवसात अनेक ठिकाणी पळायचं असतं आणि सत्र आटोपतं घेतलं जातं. जूनमधली कामाच्या दिवसाची दुपार मागा. कोटेशनमध्ये ‘प्रशिक्षण’ एवढंच लिहिलेलं असेल तर सही करण्याआधी चार गोष्टी लिहून घ्या: रक्षकांचं वेगळं सत्र, कामाच्या दिवशीची ड्रिल, वरच्या मजल्यावर दोन मिनिटं पाणी, आणि ड्रिलनंतर उणिवांचा लेखी अहवाल.