वाड्यातील अभ्यासिकेसाठी बॅटमॅन मेश: उभारणी आणि अनुभव

जुन्या नाशकातील एका दुमजली वाड्यात आम्ही स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका चालवतो. भिंती दगड-विटांच्या आणि चांगल्या जाड आहेत, शिवाय मालकांनी त्यांना भोके पाडण्यास मनाई केलेली असल्यामुळे केबल टाकण्याचा प्रश्नच नव्हता. शहरातील एका दुकानाने तीन राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली चढवून आम्हाला बिनतारी मेश, म्हणजे एकमेकांमार्फत पॅकेट पोहोचवणाऱ्या राउटरांचे जाळे, उभारून दिले. पहिला राउटर ओटीवर फायबरच्या जोडणीपाशी, दुसरा चौकालगतच्या ओसरीत आणि तिसरा माडीवर आहे. हा अभिप्राय त्या उभारणीबद्दल आणि तिच्यातील बॅटमॅन-अ‍ॅडव्हान्स्ड (थोडक्यात बॅटमॅन) या, पॅकेटचा मार्ग ठरवणाऱ्या प्रोटोकॉलबद्दल आहे.

माडीवरून निघालेले पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, दोन भिंती भेदून थेट ओटीवर जाऊ शकते किंवा ओसरीतून वळसा घेऊ शकते. केवळ टप्पे, म्हणजे एका राउटरवरून दुसऱ्यावर होणाऱ्या उड्या, मोजणारा प्रोटोकॉल थेट मार्ग निवडेल, आणि तो मार्ग दुबळा असल्याने रेडिओ आपला वेग खाली आणील. विकास कवाडिया आणि पी. आर. कुमार यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात नेमका असाच दाखला दिला आहे: वेग जुळवून घेणारा रेडिओ आणि कमीत कमी टप्पे शोधणारे राउटिंग ही दोन्ही स्वतंत्रपणे निर्दोष असली, तरी एकत्र आल्यावर कामगिरी उलट घसरू शकते. एमआयटीतील संशोधकांनी २००३ मध्ये मांडलेल्या ईटीएक्स या मापाने टप्प्यांऐवजी पॅकेट पोहोचवण्यासाठी लागणाऱ्या अपेक्षित प्रयत्नांची मोजणी सुरू केली. परंतु त्यासाठीचे चाचणी संदेश सर्वांना उद्देशून, कमी वेगाने जातात, त्यामुळे कमी वेगाला टिकणारा दुवा जास्त वेगालाही टिकेल की नाही हे त्यातून कळत नाही.

बॅटमॅनची चौथी आवृत्तीही मार्गाची प्रत अशाच प्रसारित संदेशांवरून ठरवते आणि मूळ मांडणीत (सेटिंगमध्ये) तीच निवडलेली असते. आम्ही पाचवी मागून घेतली, आणि या खरेदीतील सर्वांत योग्य निर्णय तोच ठरला. पाचवी आवृत्ती शेजारच्या राउटरशी प्रत्यक्षात किती वेग मिळेल, याचा अंदाज थेट वाय-फायच्या वेगनियंत्रणाकडून घेते. खालच्या थराला, म्हणजे रेडिओला, ठाऊक असलेली एक संख्या वरच्या थराला, म्हणजे मार्ग ठरवणाऱ्या बॅटमॅनला, मिळते, एवढीच ही देवाणघेवाण आहे, आणि ती मर्यादित आहे हेच तिचे बलस्थान आहे. पॅकेट ज्या रेडिओवर आले त्याच रेडिओवरून पुढे पाठवायचे असेल, तर ऐकणे आणि बोलणे एकाच वेळी शक्य नसल्याने त्या मार्गाचा वेग निम्मा धरला जातो. तरीही माडीचा मार्ग बहुतेक वेळा ओसरीतून जातो, यावरून थेट दुवा किती दुबळा असावा याची कल्पना येते.

सुरुवातीला मात्र तो तसा जात नव्हता. बॅटमॅनच्या खाली आयट्रिपलई या मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या २०११ मधील ८०२.११एस या मानकाची मेश जोडणी होती, आणि त्या मानकात मार्ग शोधण्याची स्वतःची पद्धत आहे. दुकानाने ती सुरूच ठेवली होती. परिणामी खालचा थर पॅकेट परस्पर पुढे ढकलत असे आणि बॅटमॅनला तिन्ही राउटर एकमेकांचे थेट शेजारी दिसत. बॅटमॅनच्या मार्गांच्या तक्त्यात ओसरीचा टप्पाच नव्हता. एकाच कामाचे दोन मुखत्यार नेमल्यासारखा हा प्रकार होता. संध्याकाळी अभ्यासिका भरली की माडीवरची व्हिडिओ व्याख्याने अडखळत, आणि दुकानात फोन केला की ‘साहेब, एकदा बंद करून चालू करा’ हेच उत्तर मिळत असे. अखेर आमच्याच एका अभियंता विद्यार्थ्याने ८०२.११एसचे पुढे पाठवण्याचे काम बंद केले, जोडणीपुरता तो थर ठेवला, आणि तक्ता वाड्याच्या रचनेशी जुळला. ही एका ओळीची मांडणी असल्यामुळे दुकानाकडून ती सुटणे अक्षम्य वाटते.

आता माडीवर व्याख्याने सुरळीत चालतात. व्हिडिओ कॉल मात्र अधूनमधून तुटक होतो. वाय-फाय हरवलेली फ्रेम (रेडिओवरून जाणारा माहितीचा तुकडा) पुन्हा पुन्हा पाठवून नुकसान झाकते, पण ते झाकलेले नुकसान वरच्या थराला विलंबाच्या रूपाने दिसतेच, आणि दोन टप्प्यांवर तो विलंब साठत जातो. यावर या संचात उपाय नाही. मेशसाठी वेगळा रेडिओ असलेले राउटर घेतले असते, तर हा त्रास कमी झाला असता. दुकानाने तो पर्याय सुचवला नाही.

गंगापूर रोडवरील नव्या सदनिकेत ज्यांना केबल टाकता येते, त्यांनी या वाटेला जाऊ नये. जुने वाडे आणि दगडी घरे यांच्यासाठी ही उभारणी मी सुचवेन, परंतु दुकानाला पूर्ण रक्कम देण्यापूर्वी तीन गोष्टी समोर तपासून घ्याव्यात: बॅटमॅनची पाचवी आवृत्ती सर्व राउटरवर आहे का, कारण चौथी आणि पाचवी एकमेकींशी बोलत नाहीत, ८०२.११एसचे पुढे पाठवणे बंद आहे का, आणि मांडणीच्या फायलींची प्रत तुमच्या हातात आली आहे का. आम्हाला ती प्रत मागूनही बऱ्याच उशिरा मिळाली.