चुलीची ऊब माजघरात न्यायची तर: दारात पंखा, झडपेत पंखा की सरळ हीटर?

थंडी पडली की बेळगावजवळ खानापूर, जांबोटी, कणकुंबी साइडला घरोघरी एकच प्रश्न असतोय, स्वयंपाकघर मस्त गरम आणि आतल्या खोलीत म्हातारी माणसं गारठूलेत, मग जुन्या कंप्युटरचा छोटा पंखा लावून ती ऊब तिकडं ढकलता येते काय? येते, पण सगळ्यांच्या घरात नाही, आणि पंखा कसला घेतला ह्यापेक्षा तुमचं दार किती उंच आहे ह्यावर जास्त अवलंबून आहे, म्हणून खर्च करायच्या आधी हे वाचा.

पहिला पर्याय सगळ्यात सोपा, पंखा दारात खाली जमिनीवर. इथं बरेच जण तोंड उलटं करतात, गरम खोलीतनं गार खोलीकडं हवा मारतात. खरं तर गार हवा जड, ती फरशीलगत बसलेली असते, म्हणून पंखा गार खोलीतनं गरम खोलीकडं ठेवायचा, खालनं गार हवा तिकडं गेली की वरनं गरम हवा आपोआप इकडं येते. आता खरी गोष्ट सांगतो, नवीन स्लॅबच्या घरात सात फुटी दार सताड उघडं ठेवलं तर हे पंख्याशिवाय पण होतंय, आणि उघड्या दारातनं आपोआप जाणारी हवा छोट्या पंख्याच्या कितीतरी पट असते. बेळगावात टिळकवाडीच्या फ्लॅटमध्ये शेजारशेजारच्या दोन खोल्यांसाठी हा पंखा बनवत बसू नका, दार उघडा आणि पडदा बाजूला करा, बास. मधे बोळ असेल, खोली वळणावर असेल, तर मात्र खालचा पंखा उपयोगी पडतो, आणि तिथं घरातला साधा टेबल फॅन कमी स्पीडवर लावला तरी काम भागतं.

जुन्या घराचं गणित वेगळं. मातीच्या नाहीतर चिऱ्याच्या जाड भिंती, वाकून जायचं ठेंगणं दार, वर माळा. चुलीची सगळी ऊब दाराच्या चौकटीच्या वर, माळ्याखाली अडकून बसते आणि दार कितीही उघडं ठेवा, ती खाली उतरून पलीकडं जात नाही. अशा घरात दारावर झडप किंवा जाळीचा झरोका असतोय बघा, पंखा तिथं बसवायचा, तोंड गार खोलीकडं, आणि दाराखालनं गार हवा परत यायला फट ठेवायची, परतीची वाट नसली तर पंखा नुसता गरगरतो. माझ्या मते छोट्या पंख्याचं खरं काम हेच, आणि झडप आधीच असली तर भिंत फोडायची पण गरज नाही.

बनवायला काही अवघड नाही. 120 मिमीचा 12 व्होल्टचा पंखा घ्या, 80 मिमीचा नको, तेवढीच हवा द्यायला तो जास्त आवाज करतो आणि झोपायच्या खोलीत तो आवाज नकोच. जुन्या वायफाय राउटरचा अॅडॉप्टर चालतो, लेबलवर 12 व्होल्ट आहे का तेवढं बघा, 9 चा असला तरी सहसा पंखा हळू आणि शांत फिरतो. वायरी उलट्या जोडून हवेची दिशा बदलत नाही, पंखाच फिरवून बसवावा लागतो. हवा स्टिकरच्या बाजूनं बाहेर पडते. प्लायच्या चौकटीत घट्ट बसवा आणि कडेनं फट राहू देऊ नका.

आता हीटरशी तुलना. असा पंखा मोकळ्या हवेत मिनिटाला साधारण 50 घनफूट हवा हलवतो, म्हणजे दोन खोल्यांत 5 डिग्रीचा फरक असेल तर कागदावर 140 वॅटच्या आसपास ऊब जाते, जाळी आणि अडथळे धरून अजून कमीच. 1000 वॅटच्या हीटरची बरोबरी होणार नाही, कडाक्याच्या गारठ्यात आजारी माणसासाठी हीटरच लावा, तिथं कंजुषी नको. पण रोज चार तास हीटर म्हणजे महिन्याला 120 युनिट, आणि पंखा रात्रभर चालला तरी महिन्याला एक युनिट होत नाही. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत आपल्याला 2022-23 च्या सरासरीपेक्षा थोडी जास्त एवढीच वीज फुकट मिळते, महिन्याला 200 युनिटच्या वर गेलं की हेस्कॉम ह्या वीज कंपनीचं पूर्ण बिल भरायचं, म्हणून हा फरक आपल्याकडं जरा जास्तच टोचतो.

सीलिंग फॅन एकदम हळू लावून वरची ऊब खाली आणता येते पण तेवढ्याच खोलीत, दुसऱ्या खोलीला त्याचा काही उपयोग नाही. आणि माळा नसलेलं, नुसतं कौलारू छप्पर असेल तर वरचं काहीच करू नका, ऊब कौलांच्या फटीतनं निघून जाते, आधी वर तक्तपोशी करून घ्या.

एका बाबतीत मात्र हात जोडून सांगतो. चुलीचा धूर घरात राहत असेल तर दोन्ही पंखे नकोत, ऊब जिथनं जाते तिथनंच धूर आणि कार्बन मोनॉक्साइड पण जातो, आणि तिकडं लहान पोरं झोपलेली असतात. धूर चिमणीतनं बाहेर जाणारी चूल असेल तरच विचार करा, बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत तयार झालेली ‘अस्त्र ओले’ नावाची चूल तसलीच. रात्री निखारे ठेवून पंखा चालू ठेवायचा नाही, आणि कोळशाची शेगडी तर बंद खोलीत कधीच नको. गॅसला धूर नाही पण ओल आहे, एक किलो गॅस जळला की दीड किलोच्या वर पाणी वाफ होऊन हवेत येतं, ते पंख्यानं गार खोलीत नेलं तर भिंतीला बुरशी धरते, पावसाळ्यात तर नक्कीच.

पंखा घ्यायच्या आधी संध्याकाळी चूल पेटल्यावर एक उदबत्ती घेऊन दारात उभे राहा की वो. चौकटीच्या वरच्या टोकाला धरा, मग खाली धरा. वरचा धूर जोरात गार खोलीकडं आणि खालचा उलट्या दिशेला जात असेल तर हवा आपोआप फिरतेय, पंख्याचे पैसे वाचले. धूर दोन्हीकडं जागेवरच घुटमळत असेल आणि माळ्याखाली हात धरल्यावर गरम लागत असेल, तर झडपेचं माप घ्या आणि मग दुकानात जा.