मनावरचा हल्ला परतवण्यासाठी: शिरस्त्राण की गोंधळयंत्र?

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या एखाद्या महाविद्यालयीन संघाला विज्ञान एकांकिका बसवायची असेल आणि संहितेत दुसऱ्याच्या मनात शिरणारा खलनायक असेल, तर त्याच्यापासून बचावाचे साधन कोणते दाखवायचे हे तालमी सुरू होण्यापूर्वीच ठरवावे लागते. विज्ञानकथेत दोन पर्याय रुळलेले आहेत: विचारलहरी अडवणारे शिरस्त्राण आणि प्रतिलहरी सोडून हल्लेखोराला जेरीस आणणारे यंत्र, ज्याला येथे गोंधळयंत्र म्हटले आहे.

शिरस्त्राण जुने आहे. जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्सली यांनी 1920च्या दशकातील एका कथेत धातूच्या पातळ पत्र्याच्या टोप्या वापरल्या होत्या, आणि मार्व्हलच्या मॅग्नेटोचे शिरस्त्राण तर सर्वपरिचित आहे. रंगमंचावर त्याचा फायदा उघड आहे. ते डोक्यावर आहे तोवर पात्र सुरक्षित, आणि झटापटीत ते विंगेपर्यंत घरंगळत गेले की शेवटच्या रांगेलाही धोका कळतो.

विज्ञानाच्या कसोटीवर मात्र ते लंगडे पडते. मायकेल फॅरेडे यांनी 1836 साली दाखवलेला, बाहेरचे विद्युत क्षेत्र आत येऊ न देण्याचा परिणाम धातूच्या बंद पिंजऱ्याचा आहे, आणि टोपी खालून उघडीच असते. शिवाय मेंदूच्या लहरी इतक्या मंद असतात की त्यांच्याबरोबरचे चुंबकीय बदल ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा जवळजवळ अडवतच नाही. म्हणूनच मेंदूचे चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या खोल्यांना निकेल आणि लोहाच्या खास मिश्रधातूचे थर देतात. संवादात ॲल्युमिनियम आले, तर बारावी विज्ञानाचा प्रेक्षक तेथेच हसेल. भुसावळचा पारा मे महिन्यात 45 अंशांवर जातो, तेव्हा धातूचे टोपडे घालून हिंडणारा नायकही कोणाला पटणार नाही. त्यापेक्षा उन्हासाठी डोक्याला बांधलेल्या पांढऱ्या रुमालाच्या घडीत मिश्रधातूची जाळी शिवून टाकावी. खलनायकाला पत्ता लागत नाही आणि पोशाखही इथलाच राहतो.

गोंधळयंत्राची बाजू अधिक भक्कम आहे. मेंदूचा विद्युत आलेख प्रथम 1924 साली घेणारे हान्स बर्गर मुळात मनामनांतील संदेशवहनाच्या शोधात होते. तरुणपणी ते घोड्यावरून पडून थोडक्यात बचावले, त्याच दिवशी दूर असलेल्या बहिणीला त्यांची काळजी वाटून घरून तार आली होती. टाळूवर मिळणारे हे संकेत व्होल्टच्या काही लाखांश भागांइतकेच असतात, आणि आलेख घेताना घरगुती विजेची 50 हर्ट्झची गुणगुण त्यांत सहज मिसळते. म्हणजे क्षीण लहरी गोंगाटात बुडवणे हे अडवण्यापेक्षा कितीतरी पटण्याजोगे. कथानक भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीज केंद्राच्या आसपास घडवले, तर यंत्राला निमित्तही शोधावे लागत नाही.

या यंत्राची किंमत नायकालाच मोजावी लागते, हे नाट्याच्या दृष्टीने मला सर्वांत मोलाचे वाटते. गोंगाट शत्रूमित्र ओळखत नाही. नायकाच्या बहिणीलाही त्याच्या मनापर्यंत पोहोचता येत नाही, आणि तिची हाक ऐकायची तर यंत्र बंद करावे लागते. त्यात नेमकी वीज गेली, तर निवड करायलाही वेळ उरत नाही.

म्हणून एकांकिकेसाठी गोंधळयंत्रच घ्यावे. अट एवढीच की ध्वनिसंयोजन करणारा प्रत्येक तालमीला हजर हवा, कारण यंत्राची गुणगुण दोन सेकंद उशिरा थांबली तरी प्रसंग फसतो. तसा माणूस संघात नसेल, तर रुमालातली जाळी बरी.