पॅरिसची 'प्रायव्हेट म्युझियम टूर' : १,०८० युरो गेले, तुमचे जाऊ देऊ नका

एक हजार ऐंशी युरो. कार्डावरून गेलेले ५०,२३२ रुपये आणि रोख दिलेले ६०० युरो, जे मी १०४ च्या दराने घेतले होते, म्हणजे ६२,४०० रुपये. एकूण १,१२,६३२. आकडा आधीच सांगून टाकते, कारण जो भेटतो तो पहिलं तेच विचारतो आणि मग "अहो, ग्रुप टूरनेच जायचं ना" असं ऐकवतो.

त्याचंही उत्तर देते. मी, माझा नवरा, ताई आणि भावोजी, आम्ही चौघंही साठीच्या पुढचे. ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. ग्रुप टूरवाले लूव्रमध्ये धावतपळत मोनालिसापर्यंत नेतात आणि बाहेर काढतात. मी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. मोने, सेझान, व्हॅन गॉग हे सगळे मी मुलांना तळहाताएवढ्या छापील चित्रांवरून शिकवले. ती चित्रं मला समोर उभं राहून, सावकाश, ताईला मध्ये बसायला वेळ देत बघायची होती. त्यासाठी प्रायव्हेट गाइड घेतला, यात माझं काय चुकलं ते मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

जाहिरात इन्स्टाग्रामवर आली. हिंदी बोलणारा गाइड, चार जणांसाठी दोन दिवस, लूव्र आणि ओर्से ही म्युझियम, शिवाय मारे आणि मोंमार्त्र हे भाग पायी, सगळी तिकिटं धरून ९६० युरो. वेबसाइट नीटनेटकी, रिव्ह्यू शेकड्यांनी. व्हॉट्सॲपवर बोलणारा माणूस इतका अदबीचा की ताईच्या गुडघ्याचं ऐकल्यावर "आंटीजींसाठी व्हीलचेअरची सोय बघतो" म्हणाला. अर्धे, म्हणजे ४८० युरो, जुलैत क्रेडिट कार्डावर भरले. बँकेने परकीय चलनाचा साडेतीन टक्के मार्कअप आणि त्यावर जीएसटी लावून ५०,२३२ रुपये कापले. उरलेले ४८० पहिल्या दिवशी रोख द्यायचे ठरले. रोख का, तर "कार्डाचा चार्ज तुम्हालाच पडेल." आमचे पैसे वाचवतोय असं दाखवून रोख मागणारा माणूस भेटला की तिथेच थांबा.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे मला अजून रात्री झोप लागत नाही. कार्यक्रमाच्या पत्रकात पहिला दिवस मंगळवार होता आणि मंगळवारी लूव्र होतं. लूव्र मंगळवारी बंद असतं. दर मंगळवारी. ओर्से सोमवारी बंद, लूव्र आणि ओरांजरी मंगळवारी. ज्याचा हा रोजचा धंदा आहे त्याला हे माहीत नसेल, हे शक्यच नाही. ते पत्रक महिनाभर आमच्या फ्रिजवर चिकटवलेलं होतं. भावोजींनी त्यावर पेनाने औषधांच्या वेळा लिहिल्या होत्या. चौघांनी ते रोज वाचलं.

सप्टेंबरातल्या त्या मंगळवारी सकाळी आम्ही काचेच्या पिरॅमिडपाशी पोचलो. चौकात फोटो काढणारे लोक होते, रांग मात्र कुठेच नव्हती. २०२४ साली जिथे ८७ लाख माणसं येऊन गेली, त्या दारासमोर रांग नाही. गाइड आला, हात जोडून नमस्कार केला आणि म्हणाला, आज स्टाफचा संप आहे, लूव्र उद्या करू, आज दुसरी दोन म्युझियम दाखवतो. आम्ही मानलं. का मानणार नाही? त्याच वर्षी, २०२५ च्या जूनच्या १६ तारखेला, लूव्रच्या कर्मचाऱ्यांनी खरोखरच अचानक काम थांबवलं होतं आणि लोक उन्हात ताटकळले होते, ते मी पेपरात वाचलं होतं. त्या सप्टेंबरात तर फ्रान्सभर संप चालू होते. म्हणजे थापही अशी निवडलेली, की पेपर वाचणाऱ्यालाच ती आधी पटावी.

त्या चौकात मी ताई-भावोजींचा फोटो काढला. ताईची जांभळी शाल, तिची काठी, आणि तिच्या खांद्यामागे वेळांचा फलक. घरी आल्यावर मुलाने फोटो मोठा करून दाखवला. आठवड्याचे वार एकाखाली एक, प्रत्येकापुढे वेळ, आणि मंगळवारपुढे वेळेऐवजी एकच शब्द : बंद. मी फोटो काढताना ताईचा पदर नीट आहे का ते बघत होते.

तिथेच त्याला ४८० युरो मोजून दिले. पावती मागितली, तर "शाम को व्हॉट्सॲप करता हूँ." सही केलेली पावती हातात पडल्याशिवाय रोख रक्कम कोणालाही देऊ नका. नमस्कार करणाऱ्याला तर नाहीच.

मग 'दुसरी दोन म्युझियम'. आधी पती पाले, मग मारेतलं कार्नावाले. संपामुळे ही ऐनवेळची तिकिटं पॅकेजमध्ये धरलेली नाहीत, माणशी १५ युरो पडतील, असं म्हणून प्रत्येक ठिकाणी ६० युरो घेतले. आम्हाला पायऱ्यांशी थांबवायचा, आत जाऊन यायचा आणि हातात छापील कागद द्यायचा. दोन्हीकडे दारावर फक्त बॅगा तपासल्या, ते कागद कोणी मागितलेही नाहीत. कारण पती पाले आणि कार्नावाले या दोन्ही शहर पालिकेच्या संग्रहालयांत कायमस्वरूपी संग्रह बघायला काहीही पैसे लागत नाहीत. कोणालाच लागत नाहीत. १२० युरो त्याने आमच्याकडून मोफत दारातून आत जायचे घेतले. पॅरिसला जाणाऱ्यांनी हे लिहून ठेवा: पती पाले, कार्नावाले, प्लास दे व्होजमधलं व्हिक्टर ह्यूगोचं घर आणि शहराचं आधुनिक कलेचं संग्रहालय, या चारही ठिकाणी कायमचा संग्रह फुकट आहे. फक्त तात्पुरत्या प्रदर्शनांना तिकीट असतं.

पती पालेत सेझानने १८९९ साली केलेलं आंब्रोआझ व्होलारचं व्यक्तिचित्र आहे. तपकिरी कोटातला बसलेला माणूस, आणि शर्टाच्या पांढऱ्या भागावर रंगाचे ते चौकोनी, थांबून थांबून ठेवलेले फटकारे. मी त्याच्यापुढे उभी राहून गाइडला काही विचारलं, तर तो फोनवर बोलत होता. "मॅडम, ये सब ओल्ड पेंटिंग है." त्या क्षणी मनात चर्र झालं. पण ताईच्या सहलीचा पहिला दिवस, भावोजी खुशीत, तिथे कुठे वाद काढायचा? प्लास दे व्होजच्या चौकात त्याने तो चौक नेपोलियनने बांधला असं सांगितलं. तो चौथ्या हेन्रीच्या काळात सुरू झाला आणि १६१२ साली त्याचं उद्घाटन झालं. नेपोलियन जन्मला १७६९ साली. भावोजी तिथल्या तिथे म्हणाले, तारखा जुळत नाहीत. मग आम्हाला अत्तराच्या एका दुकानात नेलं, तासभर बसवलं, तिथे मात्र त्याचं तोंड बंद होत नव्हतं. गाइड दुकानात जास्त बोलतो आणि चित्रापुढे गप्प बसतो, तर तो गाइड नाही.

बुधवारी सकाळी व्हॉट्सॲपवर लूव्रची चार तिकिटं आली. "गाइडचा प्रवेश वेगळा असतो, मी आत भेटतो." दारावरच्या मुलीने पहिलं तिकीट स्कॅन केलं, यंत्र वेगळंच वाजलं. तिने फोन माझ्याकडे फिरवून स्क्रीनवर बोट ठेवलं. तिकिटाच्या खालच्या कोपऱ्यात, क्यूआर कोडच्या बाजूला, छापलेलं होतं : ०,०० €. अठरा वर्षांखालच्या मुलांना लूव्र मोफत आहे. त्या मुलांसाठीची शून्य किमतीची तिकिटं त्याने आमच्या नावावर काढली होती. आमच्या मागे दोनशे माणसं, आणि ती मुलगी कधी ताईच्या पांढऱ्या केसांकडे बघते, कधी तिकिटाकडे. आम्ही चोरटे आहोत असं तिला वाटलं असेल, तर तिचा काय दोष? ताई तिथेच रडायला लागली.

त्याचा फोन बंद. मग नंबर ब्लॉक. ओर्से नाही, मोंमार्त्र नाही.

तिथून पोलीस चौकी. तीन तास बाकावर बसवलं. मग जो अधिकारी आला, त्याने अर्ध्या मिनिटात सांगितलं की टूर थोडी तरी झाली आहे, म्हणजे हा तुमचा आणि व्यापाऱ्याचा आपसातला वाद आहे, हवं तर दैनंदिनीत नोंद करतो. त्या नोंदीवर कोणी तपास करत नाही. फ्रान्सच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १५-३ सांगतं की पीडित माणसाची तक्रार पोलिसांना नोंदवून घ्यावीच लागते. हे मला घरी आल्यावर कळलं. तुम्ही जाताना कलमाचा नंबर फोनमध्ये घेऊन जा आणि रीतसर तक्रारीचाच हट्ट धरा. आम्ही बाहेर पडलो तेव्हा ओर्से बंद व्हायची वेळ झाली होती. ते बुधवारी सहाला बंद होतं. लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं, म्हणून अधिकृत साइटवरून संध्याकाळच्या स्लॉटची खरी तिकिटं काढली, माणशी २२ प्रमाणे ८८ युरो. ज्याचे पैसे आधीच दिले होते, त्याचे पुन्हा दिले. (जानेवारी २०२६ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरच्या लोकांसाठी हे तिकीट ३२ युरो झालं आहे. त्यामुळे 'स्वस्तात लूव्र' विकणारे आता आणखी बोकाळतील.) दुसऱ्या दिवशी परतीचं विमान होतं. ओर्सेतलं व्हॅन गॉगचं 'ओव्हेरचं चर्च' हे चित्र मी पाहिलंच नाही. त्या चित्राची भरपाई कोणत्या चौकीत मागायची?

इकडे येऊन पोलीस ठाण्यात गेले. "मॅडम, गुन्हा पॅरिसला झाला, आम्ही काय करणार?" नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची तरतूद आहे. ॲडव्हान्स तर मी माझ्या घरातून, माझ्या कार्डावरून भरलेला. कलम दाखवल्यावर हवालदारसाहेब म्हणाले, साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या. उद्या गेले, तर साहेब मीटिंगमध्ये. अर्जावर पोच म्हणून शिक्का मारून द्यायलाही नकार. शिक्का मारला म्हणजे ह्यांना काम करावं लागतं, एवढंच त्यातलं कारण.

आणि बँक! पहिलं उत्तर, "ओटीपी तुम्हीच टाकला, त्यामुळे ही फसवणूक नाही." ओटीपी मीच टाकला, मी कुठे नाही म्हणते? माझं म्हणणं सेवा मिळाली नाही असं आहे. त्यासाठी कार्ड नेटवर्कमध्ये चार्जबॅकची, म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे परत मागायची, वेगळी वाट असते आणि मुदत साधारण १२० दिवसांची असते. कस्टमर केअरवरच्या मुलाला हा शब्दच माहीत नव्हता. ब्रँचमध्ये गेले, तर म्हणे कार्डाचा विभाग वेगळा. विभागाला मेल केला, तर ब्रँचशी संपर्क साधा. मेलमागून मेल. शेवटी लेखी मागणी आली, की सेवा दिली नाही असं मर्चंटचं पत्र जोडा. ज्याने फसवलं त्याच्याकडून 'मी फसवलं' असं पत्र आणायचं! साठी उलटलेल्या ग्राहकाला असं लिहिताना माणसाला काही वाटत कसं नाही? तोवर दिवस सरत होते आणि मुदत माझी संपत होती, बँकेची नाही.

टूर विकणाऱ्या फ्रेंच कंपनीला सरकारी नोंदवहीत नाव असावं लागतं. ती नोंदवही आतू फ्रान्स ही संस्था ठेवते आणि ती इंटरनेटवर कोणालाही बघता येते. संग्रहालयांत आणि ऐतिहासिक वास्तूंत फिरवायला अशा कंपनीला ओळखपत्रधारक गाइडच द्यावा लागतो, त्यांना तिकडे 'गीद-काँफेरांसिए' म्हणतात आणि ते ओळखपत्र प्रीफेक्चर, म्हणजे तिकडचं सरकारी जिल्हा कार्यालय, देतं. भेटल्याभेटल्या ते बघायला मागा. खरा गाइड रागावत नाही. आमच्याच साइटवर पायाशी एक नोंदणी क्रमांक होता. मी परवा तो नोंदवहीत घालून बघितला, काहीच निघालं नाही. साइट आता दुसऱ्या नावाने चालू आहे, फोटो तेच, रिव्ह्यू तेच. लूव्रची तिकिटं लूव्रच्याच साइटवर आपल्या नावाने काढा आणि गाइडला फक्त गाइडचे पैसे द्या. पैसे भारतातून ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा, परत यायची वाट बघू नका.

बँकेला लेखी तक्रार देऊन तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यासाठी पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही. मी तक्रार टाकली आहे. सोबत ती शून्य किमतीची चारही तिकिटं, कार्यक्रमाचं पत्रक, ताईमागच्या फलकाचा फोटो आणि बँकेचा तो 'मर्चंटचं पत्र आणा' वाला मेल जोडला आहे. तक्रार क्रमांक आला आहे. रोखीचे ६०० युरो गेले, ते मला कळतं. पण कार्डावरचे ४८० परत मिळेपर्यंत हे प्रकरण मी बंद करणार नाही, आणि तसं ब्रँच मॅनेजरना लेखी कळवून त्यावर शिक्का घेऊन आले आहे.