दालचिनीच्या कुकीज घरच्यांसाठी: स्निकरडूडल करावी की नानकटाई?

आईचा वाढदिवस, भाच्याची परीक्षा संपली, आजोबा दवाखान्यातून घरी आले, अशा वेळी घरी काहीतरी भाजावंसं वाटतं. त्यात दालचिनी-साखरच हवी असेल तर माझ्या मते दोनच पदार्थांचा विचार करावा. एक अमेरिकन घरांतली स्निकरडूडल: बटर-अंड्याच्या पिठाचे गोळे दालचिनी-साखरेत घोळवून भाजायचे. दुसरी आपली नानकटाई, दालचिनी घालून.

आधी अंड्याचं बघा. ज्यांच्यासाठी करताय त्यांना चालत नसेल, तर नानकटाईच करा. अंड्याऐवजी दही घातलेली स्निकरडूडल मी खाल्ली आहे. चव बरी असते, पण ती केकच्या अंगाने जाते आणि चिवट-मऊपणा हरवतो. तोच तर तिचा खरा गुण.

दुसरा प्रश्न दातांचा, आणि इथे बऱ्याच जणांचा अंदाज चुकतो. मऊ म्हणून स्निकरडूडल म्हाताऱ्या माणसांना सोपी जाईल असं वाटतं. प्रत्यक्षात ती चावावी लागते आणि कवळीला चिकटते. नानकटाई दिसते कडक, पण जिभेवर विरघळते. बटरमध्ये साधारण 16 टक्के पाणी असतं, तुपात जवळजवळ नसतंच. पाणी नाही म्हणून मैद्याला चिवटपणा येत नाही आणि नानकटाई खुसखुशीत होते. आजी-आजोबांसाठी मी बिनदिक्कत तीच करेन. शाळेतून येणाऱ्या मुलांसाठी मात्र गरमागरम स्निकरडूडलच. तिच्या वरच्या भेगा आणि त्यांत अडकलेली साखर मुलांना फार आवडते.

स्निकरडूडलला 170 ग्रॅम मैदा, 115 ग्रॅम बटर, 150 ग्रॅम साखर, एक अंडं, अर्धा चमचा खायचा सोडा आणि एक चमचा क्रीम ऑफ टार्टर (आंबट पांढरी पूड) लागतं. हे शेवटचं केकचं सामान मिळतं त्या दुकानात मिळेल. ते आणि सोडा दोन्ही वगळून बेकिंग पावडर घातली तर कुकी फुगते, पण जिभेला जाणवणारा तो हलका आंबटपणा जातो. उन्हाळ्यात हे पीठ हातात वितळतं, म्हणून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. मग गोळे घोळवून 200 अंशांवर 8 ते 10 मिनिटं भाजा. कडा धरल्या आणि मधे अजून कच्चट वाटतंय, तेव्हाच ट्रे बाहेर काढायचा. उरलेलं काम गरम ट्रेवर होतं. पूर्ण भाजेपर्यंत थांबलात तर गार झाल्यावर कडक होतील.

नानकटाईला एवढी घाई नसते. 120 ग्रॅम थिजलेलं साजूक तूप आणि 100 ग्रॅम पिठीसाखर पांढरंशुभ्र होईपर्यंत फेसायचं. त्यात 150 ग्रॅम मैदा, बेसन आणि बारीक रवा 25-25 ग्रॅम, पाव चमचा सोडा, चिमूटभर मीठ आणि एक चमचा दालचिनी. या कोरड्या गोळ्यांना साखर नीट चिकटत नाही, म्हणून दालचिनी पिठातच घाला आणि वरून थोडी जाड साखर दाबा. 170 अंशांवर 15 ते 20 मिनिटं. गरम असताना उचलू नका, हातातच मोडते. पूर्वी तूप-साखर-मैदा घेऊन बेकरीच्या भट्टीवर नानकटाई करून आणत, त्यांना ही पुरती गार होईपर्यंत थांबायची सवय होती.

हॉस्टेलवर किंवा परगावी पाठवायची असेल तर नानकटाईच. हवाबंद डब्यात दोन आठवडे छान राहते. स्निकरडूडल दोन-तीन दिवसांतच संपवावी, म्हणजे ती खाणारा माणूस त्याच घरात असलेला बरा. मधुमेह असेल तर मात्र दोन्हींत फारसा फरक नाही. साखर भरपूरच आहे.

दालचिनी दोन्हींसाठी एकच घ्या, पण बघून घ्या. किराणा दुकानात बहुधा मिळते ती जाड, टणक सालीची कॅसिया. ती तिखटसर आणि झणझणीत. सिलोन दालचिनीचे पातळ पापुद्रे एकात एक गुंडाळलेले असतात, बोटांनी चुरडतात आणि वास गोडसर येतो. कोकणात नारळाच्या बागेत हीच आंतरपीक म्हणून लावतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली ‘कोकण तेज’ याच जातीतली. स्निकरडूडलच्या भरपूर साखरेपुढे कॅसिया उठून दिसते, तर नानकटाईच्या तुपाला सिलोन जास्त शोभते. रोज खाणारं कोणी असेल तर दोन्हींत सिलोनच घाला, कारण कॅसियात कुमारिन हे नैसर्गिक द्रव्य बरंच जास्त असतं आणि ते सतत पोटात जाणं यकृताला चांगलं नाही. पूड घरी केलीत तर चाळून घ्या, नाहीतर सालीचे कण दाताखाली येतात.